बान्योसचा किल्ला, मॉरिसव्हिल

सुवर्णाताई गाडी नेहमी मागे घेत लावायची, तोंड रस्त्याकडे.

नव्या इमारतीत शिरताना ती दारात थांबायची. आधी वर बघायची, मग डावीउजवीकडे. मग आत. दुकान असो, दातांचा दवाखाना असो.

जुनी भिंत दिसली की तिला हात लावायची. तळवा नाही, हाताची पाठ.

कणीक मळून झाली की गोळा खांद्याच्या उंचीवरून परातीत टाकायची. परातीतल्या गोळ्याकडे बघून स्वतःशीच म्हणायची, "जास्त ओली."

ऑफिसच्या मीटिंगमध्ये कागदावर चौकोन काढायची. कोपऱ्यांवर आणखी लहान चौकोन.

"बघू" म्हणाली की तिचं आधीच ठरलेलं असायचं. "नक्की" म्हणाली की काही खरं नसायचं.

पावसाचा अंदाज ऐकला की ती छत्री नाही, ताडपत्री शोधायची.

आणि कुणी विचारलं, "मग स्पेनला कधी जाणार?" की चष्मा काढून पुसायची. स्वच्छ असला तरी.

रुहीला या सवयी एकेक करून दिसत गेल्या. तेव्हा त्या सुट्या सुट्या वाटल्या होत्या.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या टाऊनहाऊसच्या रांगेत रुही आणि तिचा नवरा निमिष राहायला आले, तेव्हा शेजारच्या घरात सुवर्णा खानझोडे एकटी राहत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची. नागपूरची, महाल भागातली. एका औषध कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. चुका शोधायचा पगार मिळतो मला, असं सांगायची. रुही तिच्याहून वीस वर्षांनी लहान. पुण्यात मराठी साहित्य घेऊन एमए केलेली आणि आता डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली. निमिष सकाळी लॅपटॉपच्या बॅगेसह निघून जायचा. रुही खिडकीतून बघत राहायची.

खिडकीतूनच तिने पहिल्यांदा पाहिलं. शेजारची बाई गाडीच्या डिकीतून बादल्या काढत होती. बादल्यांत तांबडी माती. ऑगस्टचं ऊन. बाईचा टीशर्ट पाठीला चिकटलेला.

रुही बाहेर गेली. "मदत करू का?"

"कर नं. ती बादली धर."

"कुंड्यांसाठी आणलीत?"

"किल्ल्यासाठी."

"दिवाळीला तर अजून खूप वेळ आहे."

"म्हणूनच आता सुरू करून राहिले." बाईने कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. "माती फुकट आहे. पलीकडे नवीन घरं बांधताहेत नं, त्यांना ती नकोच आहे. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, सगळी न्या. तुझं नाव काय?"

"रुही. तुम्ही सुवर्णाताई ना? निमिष म्हणाला होता."

"ताई म्हण. पण तू म्हण. तुम्ही म्हटलं की मला मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटतं."

मागच्या दारी हातरुमालाएवढी जागा होती. तिथे दोरी आणि खुंट्या लावून आखणी केलेली होती. दोन चौकोन, त्यांच्यामध्ये एक पट्टी. रुहीला वाटलं होतं दगडगोटे असतील, पोतं असेल, त्यावर चिखल लिंपायचा असेल. तसं काही नव्हतं. जाड फळ्यांची एक बिनतळाची पेटी होती. आणि लांब दांड्याला खाली लोखंडी ठोकळा लावलेलं एक अवजार.

"हे धुम्मस," सुवर्णाताई म्हणाली. "पूर्वी रस्ता ठोकायला वापरायचे. इथे दुसऱ्या नावाने मिळतं, पण काम तेच."

"आणि किल्ला कुठला? राजगड?"

"बान्योस दे ला एन्सिना."

रुहीने मान हलवली, जणू तिला कळलं होतं.

घरात जिन्याच्या भिंतीवर फोटो लावलेले होते. देवांचे नाहीत, माणसांचे नाहीत. स्पेनमधल्या किल्ल्यांचे. लांबलचक डोंगरमाथ्यावर पसरलेला गोर्माझ. खडकातून उगवल्यासारखा लोआर्रे. विटांचा कोका, त्यावर इतकं बारीक काम की कुणी कशिदा काढला असावा. आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीजवळ एक बुटका, रुंद, तांबूस किल्ला. एका टेकाडावर बसलेला. खाली पांढरं गाव. चौकोनी बुरूज एकमेकांना खेटून उभे.

"हा दगडाचा नाही," सुवर्णाताई म्हणाली. "माती, चुना आणि खडी. फळ्यांच्या पेटीत ओतायची, धुमसायची, पेटी पुढे सरकवायची. पुन्हा ओतायची. आठशे वर्षं झाली."

"मातीची भिंत? आठशे वर्षं?"

"काही जण हजार म्हणतात. दहाव्या शतकातला एक शिलालेख त्याच्या नावावर सांगतात. नवे लोक म्हणतात, छे, बाराव्या शतकातला आहे. भांडून राहिले बिचारे. भांडू दे. भिंत उभी आहे नं."

तिने फोटोवर बोट ठेवलं. भिंतीवर आडव्या रेघा होत्या, आणि रेघांवर ओळीने भोकं. "या रेघा म्हणजे पेटीची उंची. एका दिवसाचं काम संपलं की एक रेघ. आणि ही भोकं, पेटी ज्या आडव्या लाकडांवर टेकवायचे त्यांची. लाकूड काढलं, भोक राहिलं. कोणी बुजवलं नाही. ज्यांनी बांधलं त्यांची नावं माहीत नाहीत. पण ते कुठे थांबले ते मला इथून दिसतं."

वाचनालयात जुन्या पुस्तकांची विक्री होती, तेव्हा तिला हा किल्ला भेटला होता. एक जाडजूड फोटोंचं पुस्तक, पाठ फाटलेली. पान उघडलं आणि ती तिथेच उभी राहून बघत बसली. नागपूरला लहानपणी दर दिवाळीला त्यांच्या गल्लीत मोठा किल्ला व्हायचा. तिचा भाऊ रवी आणि त्याचे मित्र रचायचे. मुलींना चाळण्या मिळायच्या. खडे काढा, माती बारीक करा, इकडे द्या. एका वर्षी तिने बुरजाला हात घातला तर रवीने तिच्या हातावर चापट मारली. "चाळ तू."

"रागाने नाही मारली त्याने," ती रुहीला म्हणाली. "त्याला खरंच वाटायचं, मुलींचं काम तेच. मी पाच दिवाळ्या माती चाळली. माती कशी असते ते मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं, आणि किल्ला एकही नाही रचला. मग हे पुस्तक बघितलं. म्हटलं, अरे, ही तर आपलीच दिवाळीची माती. फक्त इथे कोणीतरी ती मनावर घेतली."

स्पेनला ती गेली नव्हती. दोनदा तिकीट काढलं होतं, दोनदा कॅन्सल केलं होतं. पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का केव्हाच संपला होता. देशात राहायला, काम करायला त्याने काही अडत नव्हतं. बाहेर गेलं की मात्र परत यायला नवा शिक्का लागणार, आणि तो किती दिवसांत मिळेल हे वकील सांगत नव्हता. तो एवढंच म्हणायचा, गरज नसेल तर जाऊ नका. ग्रीन कार्डच्या रांगेत तिचा नंबर कुठेतरी होता. म्हणून ती कॉम्प्युटरवर बान्योसच्या गल्लीबोळांतून फिरायची. चढावरची बेकरी, कोपऱ्यावरचं निळं दार, मग एकदम वर किल्ला. दारापर्यंत जाता यायचं. आत नाही.

"तिथे जाता येत नाही," ती म्हणाली, "तर इथे आणते."

किल्ला सगळा नाही. फक्त दरवाजा. दोन बुरूज, मध्ये भिंत, भिंतीत घोड्याच्या नालेसारखी कमान. उंची तिच्या खांद्यापर्यंत. वर चर्या, म्हणजे तटावरचे ते दातासारखे उंचवटे, ज्यांच्या आडून पहारेकरी बघतात. बुरजाला दोन दोन, अशा चार.

सप्टेंबर उजाडेपर्यंत रुहीला माती कळायला लागली. मुठीत दाबायची. गोळा झाला पाहिजे. खांद्यावरून टाकायचा. चिखलासारखा पसरला तर जास्त ओली. धूळ झाली तर कोरडी. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. मग पेटीत थर, आणि धुम्मस. सुरुवातीला धप्प आवाज येतो. मग आवाज बदलतो. ठण्ण होतो. तो आला की थांबायचं. रुही सकाळी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायची, संध्याकाळी माती. रात्री हात इतके दुखायचे की चमचा धरवायचा नाही. निमिष म्हणायचा, "यार, तुम्ही दोघी जिम का नाही लावत?"

तिथल्या मराठी मंडळाचा अतुल एकदा मुद्दाम बघायला आला. मंडळाची दिवाळीची किल्ला स्पर्धा तोच बघायचा.

"सुवर्णा, नियम माहितेय ना? महाराष्ट्रातला किल्ला पाहिजे."

"मी स्पर्धेत टाकून नाही राहिले."

"तसं नाही गं. पण लोक विचारतील. महाराज कुठे बसवणार?"

"महाराज कुठलाही चांगला किल्ला बघायला येतील. तू बस."

अतुल बसला. जाताना दोन बादल्या माती चाळून गेला.

पहिला बुरूज उभा राहिला त्याच आठवड्यात सोसायटीचा ईमेल आला. कुणीतरी तक्रार केली होती. परवानगीशिवाय बांधकाम. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी समिती बघायला येईल. पक्कं आणि सुरक्षित वाटलं तर विचार होईल. नाहीतर मालकाच्या खर्चाने पाडण्यात येईल.

रुही घाबरली. "ताई, आता?"

सुवर्णाताईने ईमेल दोनदा वाचला. "पक्कं वाटलं पाहिजे," ती म्हणाली. "वाटेल."

त्याच सुमारास रुहीच्या सासूबाई आल्या. राधाकाकू. साताऱ्याच्या. त्या सहा महिन्यांसाठी येणार आणि त्यांना करमणार नाही, ही निमिषची काळजी. पण राधाकाकूंनी मागचं दार उघडलं, किल्ला पाहिला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं बाई, इथे सुद्धा करतात?"

"स्पेनचा आहे, काकू," रुही म्हणाली.

"असेना. किल्ला तो किल्ला. पण उघडाबोडका कसा ठेवलाय गं? हिरवळ नको?"

"बघू," रुही म्हणाली, आणि विसरली.

सुवर्णाताईच्या ऑफिसात तेव्हा काहीतरी मोठं चाललं होतं. चार दिवस ती अंधारात जायची आणि अंधारात यायची. माती थांबली होती. रुहीने रोज सकाळी राधाकाकूंना तांब्या घेऊन मागे जाताना पाहिलं. अंगणात कुंडीत तुळस होती. तिला वाटलं, तुळशीला पाणी.

पाचव्या दिवशी सकाळी आवाज आला. मोठा नाही. ओली उशी जमिनीवर पडावी तसा.

रुही धावत मागे गेली. बुरजाचा एक कोपरा खाली बसला होता. वरपासून मध्यापर्यंत. पायथ्याशी तांबडा चिखल. आणि त्या चिखलावर, बुरजाच्या माथ्यावर, भिंतीच्या खाचांत, सगळीकडे हिरवे कोंब. अळीव. बारीक, कोवळे, दोन दोन पानांचे. राधाकाकू तांब्या हातात घेऊन उभ्या होत्या.

"मी फक्त अळीव टाकले गं," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं पाणी घातलं. आमच्याकडे असंच करतात. कसे छान आले होते."

त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अंगणात दिवाळीच्या किल्ल्याला असंच करतात. अळीव किंवा मोहरी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा. तिथे किल्ला आठवडाभर टिकला की झालं. धुमसलेल्या भिंतीला मात्र पहिले काही आठवडे पाणी म्हणजे विष. आणि सुवर्णाताईने त्या मिश्रणात चुना जवळजवळ घातलाच नव्हता. इथली माती चिकट आहे, तिच्यावर भरवसा ठेवू, म्हणाली होती.

रुहीने फोन केला. सुवर्णाताई दुपारी आली. गाडी तशीच मागे घेत लावली. मागच्या दारी आली. थांबली. आधी वर बघितलं, मग डावीउजवीकडे. मग खाली बसली आणि पडलेली माती मुठीत घेतली. मुठीतून पाणी निघालं.

राधाकाकू स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. रुहीला त्यांचा पदर दिसत होता.

समिती यायला तीन आठवडे राहिले होते.

"काकू," सुवर्णाताईने हाक मारली. "बाहेर या."

राधाकाकू आल्या. "मी भरून देते, बाई. काय लागेल ते."

"पाणी घालू नका आता. बाकी सगळं करा." तिने हात झटकले. "अळीव उरलेत का?"

"आहेत वाटीभर."

"खीर करा. उद्यापासून ताकद लागणार आहे."

रात्री तिघी सुवर्णाताईच्या टेबलापाशी बसल्या. रुही म्हणाली, पहिला बुरूज पूर्ण पाडू, साफ करू, नव्याने लावू. सुवर्णाताईने नाही म्हणून मान हलवली आणि जिन्यावरचा फोटो खाली आणला.

"हा बघ. हे सगळे चौकोनी बुरूज जुने. मुसलमान राजांच्या काळातले. आणि हा एक जाड, गोलसर, दगडाचा? हा पंधराव्या शतकातला. तेराव्या शतकात किल्ला ख्रिश्चनांनी घेतला. कितीदा इकडून तिकडे गेला होता तो त्याआधी. पण ज्याने घेतला त्याने पाडला नाही. जुन्या बुरजाला कवेत घेऊन नवा चढवला. सांधा दिसतो अजून. लपवलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जे पडलं नाही ते ठेवायचं. त्याच्याभोवती नवीन पेटी. आणि या वेळी चुना. मी माझी माती म्हणून लाड केले तिचे. ते माझं चुकलं. काकूंचं नाही."

राधाकाकू खिरीच्या पातेल्याकडे बघत होत्या. "मी काय करू?"

रुहीला वाटलं, त्यांना चाळणी मिळेल. जड काम नाही, बसून करता येण्यासारखं.

"धुम्मस चालवाल?" सुवर्णाताई म्हणाली.

"साठी उलटली माझी."

"मग हळू चालवा. चाळायला सगळ्याच बसू, पाळीपाळीने. नुसतं कोणीच नाही चाळायचं."

ते तीन आठवडे रुहीला नंतर एका लांबलचक दिवसासारखे आठवले. ऑक्टोबरची हवा. झाडं लाल पिवळी. सकाळी सुवर्णाताई ऑफिसला जायच्या आधी एक थर, संध्याकाळी एक. मध्ये रुही आणि राधाकाकू. काकू सुरुवातीला घाबरत मारायच्या. मग नऊवारीचा काचा मारल्यासारखा गाऊन गुडघ्यावर खोचायला लागल्या. धप्प, धप्प, ठण्ण. "आला गं आवाज," म्हणायच्या. शेजारची अमेरिकन मुलं कुंपणावर लटकून बघायची. अतुल शनिवारी येऊन कमानीचा लाकडी साचा कापून गेला. नालेची कमान सोपी नाही. खाली निमुळती होते, त्यामुळे विटा आत झुकतात. पहिल्यांदा कोसळली. दुसऱ्यांदा पण. सुवर्णाताईने विटा वेचल्या, धुतल्या, पुन्हा लावल्या. तिसऱ्यांदा साचा काढला. कमान राहिली.

"स्ट्रेट दरवाजा?" अतुल म्हणाला. "आपल्याकडे गोमुखी असतो. शत्रूला दिसूच द्यायचा नाही."

"यांच्याकडेही वळणाचे आहेत खूप. पण इथे सरळ. दोन बुरुजांच्या मध्ये, आत एकामागे एक दोन कमानी. आत शिरणारा दोन्हींच्या मध्ये सापडतो."

"म्हणजे ये म्हणायचं आणि मग बघायचं."

"तुझ्या मंडळासारखं," सुवर्णाताई म्हणाली.

मधे एकदा पाऊस आला. ताडपत्री उडाली. सुवर्णाताई ऑफिसच्या कपड्यांत, बुटांसह, दोन तास ताडपत्रीची टोकं धरून उभी राहिली. रुही म्हणाली, विटा ठेवू, तू आत ये. ती म्हणाली, "बघू." आली नाही.

शनिवारी समिती आली. डेनिस नावाची उंच बाई, आणि तिच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ, ते फोटो काढत होते. डेनिसने किल्ल्याभोवती फेरी मारली. दोन्ही बुरूज, मध्ये भिंत, कमान. डाव्या बुरजावर एक तिरकी रेघ होती, जिथे जुनी माती संपून नवी सुरू होत होती. डेनिसने तिच्यावर बोट फिरवलं.

"हा तडा आहे का?"

"सांधा आहे," सुवर्णाताई म्हणाली. "इथे पडला होता. पुन्हा बांधला."

"पडला होता," डेनिसने वहीत लिहिलं. "पाऊस आला तर?"

सुवर्णाताई वळून मराठीत म्हणाली, "काकू, तांब्या आणा. भरून."

राधाकाकू जागच्या हलल्या नाहीत. "अगं, नको."

"आणा."

त्या तांब्या घेऊन आल्या. "कुठे घालू?"

"सांध्यावर. वरून. सगळा."

"पुन्हा पडला तर मी तोंड कसं दाखवू?"

"मी आहे नं. घाला."

राधाकाकूंनी डोळे मिटले आणि ओतलं. पाणी भिंतीवरून खाली आलं. माती गडद झाली. पायथ्याशी छोटं थारोळं झालं. ते तांबडं नव्हतं. जवळजवळ स्वच्छ होतं. डेनिस खाली वाकली. किल्लीच्या टोकाने तिने सांधा खरवडून बघितला. काहीच निघालं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. मग थोडी ओशाळून हसली. "फॉर्मवर याला काय म्हणू? आमच्याकडे कारंजं आहे, पक्ष्यांचं घर आहे, शोभेची वस्तू आहे."

"शोभेची वस्तू लिहा," सुवर्णाताई म्हणाली. आणि मराठीत, हळू, "आठशे वर्षं, आणि शोभेची वस्तू."

परवानगी मिळाली. एका अटीवर. माथा अर्धवट ठेवायचा नाही. वरचं काम मार्चअखेर पूर्ण झालं पाहिजे, म्हणजे पाणी आत मुरणार नाही. राहिल्या होत्या फक्त चार चर्या.

दिवाळीला मंडळातली निम्मी माणसं मागच्या दारी येऊन गेली. मुलांनी कमानीतून खेळण्यातल्या गाड्या नेल्या. राधाकाकूंनी डाव्या बुरजावर महाराजांची छोटी मूर्ती बसवली आणि सुवर्णाताईकडे बघितलं. सुवर्णाताईने मूर्ती थोडी पुढे सरकवली. "इथून दरवाजा दिसतो," म्हणाली.

थंडी लवकर आली त्या वर्षी. थंडीत काम हळू करावं लागतं, ओली माती गोठली की फुटते. सुवर्णाताई उबदार दुपार बघून चर्या भरायची. नोव्हेंबरात एक. डिसेंबरच्या सुरुवातीला आणखी दोन. चौथी एका रविवारी सुरू केली. साचा बसवला, दोन थर टाकले. तिसऱ्या थराची माती मुठीत दाबून बघत होती, तेव्हा फोन वाजला.

रवीचा होता. आई न्हाणीघरात घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन सांगितलं होतं, पण हृदय अशक्त होतं.

सुवर्णाताईने मुठीतली माती तशीच साच्यात टाकली. "मी येऊन राहिले," म्हणाली.

वकिलाने सांगितलं, जाऊ नका. ऑफिसने सांगितलं, विचार करा. निमिष म्हणाला, "ताई, स्टॅम्पिंगचं काय होईल माहीत नाही. तू स्पेन दोनदा कॅन्सल केलंस ह्याच कारणासाठी."

"स्पेनला माझी आई नाही," ती म्हणाली.

त्या रात्री रुहीने तिला बॅग भरायला मदत केली. दोन आठवड्यांचे कपडे होते. तिने जिन्यावरचा बान्योसचा फोटो भिंतीवरच ठेवला. जाताना मागच्या दारी गेली, साच्यावर ताडपत्री टाकली, चार विटा ठेवल्या. "दोन आठवडे टिकेल," म्हणाली. "धुम्मस तसंच राहू दे आत. आलं की पहिलं हेच."

आई वाचली. वॉकर घेऊन चार पावलं चालायला लागली. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मात्र पुढे गेली. मग आणखी पुढे. ऑफिसने महिनाभर तिकडून काम करू दिलं, मग नियमात बसत नाही म्हणाले. सुवर्णाताईने रुहीला हे सगळं फोनवर सांगितलं, सरळ, जसं ती चुकांची यादी सांगायची. आवाज चढला नाही, उतरला नाही.

रुहीने फोन खाली ठेवला. दोन आठवडे. ती स्वतःशी तेवढंच म्हणत राहिली.

राधाकाकूंचे सहा महिने संपत आले होते. त्या जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "आपण भरू ना ती चौथी. मला आवाज ओळखता येतो आता."

रुहीने सुवर्णाताईला विचारलं. व्हिडिओवर तिने फोन साच्याजवळ नेला, ताडपत्री उचलली. आत माती कोरडी पडून वर फुटली होती.

सुवर्णाताईने बघितलं. चष्मा पुसला. मागे नागपूरचं दुपारचं ऊन होतं, आणि कुणीतरी वॉकर टेकवत चालल्याचा आवाज.

"वरची मोकळी माती काढून टाक," ती म्हणाली. "ओली करू नकोस. भरू पण नकोस. माझा थर आहे तो, मीच येऊन भरते."

"आणि मार्चअखेर?"

"डेनिसला लिही, काम चालू आहे."

रुहीने लिहिलं. काम चालू आहे. ईमेल पाठवल्यावर ती मागच्या दारी गेली. रात्री वारा झाला होता. एक वीट खाली पडली होती, ती तिने उचलून परत ठेवली. तीन चर्या उभ्या होत्या, कोरड्या, चौकोनी, कडा अजून तीक्ष्ण. चौथ्या चर्येवर साचा तसाच होता. अर्धा भरलेला. ताडपत्रीच्या फटीतून धुम्मसाचा दांडा वर आला होता.